उद्या मी हुबळीला जात आहे

इंग्रजी सुधारायचे असेल तर लाज सोडा आणि जिथे असाल तिथे मोठ्याने बोला, असा सल्ला देणाऱ्या आमच्या तरुण सरांनी संध्याकाळच्या बेळगाव–खानापूर बसने कधीही प्रवास केलेला नसावा. केला असता, तर त्या सल्ल्याला त्यांनी ‘बस सोडून’ एवढी पुस्ती तरी नक्कीच जोडली असती.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत माल रवाना करण्याचे काम मी करतो. ओतीव सुटे भाग आता परदेशी जाऊ लागल्यामुळे, पन्नाशीला टेकलेल्या आम्हा सर्वांनी गिऱ्हाइकाला इंग्रजीत पत्रे लिहावीत, असे मालकांच्या चिरंजीवांना वाटले. शिकवणीची फी आमच्याच पगारातून कापावी, हेही त्यांनाच वाटले. त्यामुळे आठवड्यातून काही संध्याकाळी मी टिळकवाडीतल्या एका जिन्यावरच्या खोलीत, कॉलेजच्या मुलामुलींच्या मधोमध बसून वर्तमानकाळ शिकतो आणि नंतर खानापूरची बस पकडतो. बस खरे तर टिळकवाडीच्या बाजूनेच पुढे जाते, परंतु तिथे ती पकडणे म्हणजे पायरीवर लोंबकळणे असल्याने मी उलटा मध्यवर्ती स्थानकावर जातो. जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसचा प्रवास मोफत झाल्यावर तर पुरुषाला बसायला जागा मिळणे हा योग मानावा लागतो. योजनेबद्दल माझी तक्रार नाही. माझी बायकोही आधार कार्ड दाखवून ऐटीत फिरते. फक्त पैसे मोजून उभा राहणारा मी आणि पैसे न मोजता बसलेली ती, या चित्रात काहीतरी चुकले आहे, असे मला वाटते एवढेच.

शनिवारी तो योग आला. खिडकीजवळची जागा मिळाली, वही उघडली आणि सरांच्या आज्ञेप्रमाणे ओठ हलवून, थोडा आवाज काढून, वाचायला सुरुवात केली. पहिली जोडी होती ‘आय लिव्ह इन खानापूर’ आणि ‘आय ॲम लिव्हिंग इन खानापूर’. पहिल्यात माणूस कायमचा राहतो, दुसऱ्यात तात्पुरता. हा फरक अंगवळणी पडावा म्हणून मी दुसरे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

“जागा सोडताय काय वो?” शेजारून प्रश्न आला.

शेजारी सत्तरीपुढचे एक गृहस्थ होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि मांडीवर सुतळीने बांधलेला कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा डबा. मी म्हणालो, “नाही, मी सराव करतोय.” ते म्हणाले, “तसं कसं? ‘ॲम लिव्हिंग’ म्हणालात की. म्हणजे सध्यापुरतं राहताय, पुढं सोडणार. भाडं किती देता?” मागच्या बाकावरच्या बाईंनी लगेच मान पुढे काढली आणि नळाला पाणी रोज येते की एक दिवसाआड, याची चौकशी केली. त्यांच्या पुतण्याला लग्नानंतर दोन खोल्या हव्या होत्या. मी स्वतःच्या घरात राहतो, वडिलांच्या वेळचे घर आहे, ते सोडण्याचा विचार नाही, हे सर्व मला भर बसमध्ये जाहीर करावे लागले. गृहस्थांनी ते ऐकून घेतले, परंतु त्यांची मान अशी काही हलली की, मी जबानी फिरवतो आहे, असेच त्यांचे मत झाले असावे.

ते मत उगीच नव्हते. गृहस्थ न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. अख्खे आयुष्य लोकांनी शपथेवर बोललेली वाक्ये नोंदवून ठेवण्यात गेलेल्या माणसाजवळ बसून काळांचा सराव करू नये, हे आमच्या सरांच्या पुस्तकात कुठेही छापलेले नाही.

मी पान उलटले. भविष्यकाळ. कंडक्टर ‘मुंद होग्री, मुंद होग्री’ करत गर्दी पुढे ढकलत होता, त्या गोंगाटात आपला आवाज कोणाला ऐकू जाणार, अशा भरवशावर मी वाचले, “आय ॲम गोइंग टू हुबळी टुमॉरो.”

“किती वाजता?” शिरस्तेदारांनी विचारले.

मी पुन्हा सांगितले की हे वहीतले वाक्य आहे. त्यावर त्यांनी डबा मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला, दोन्ही हात मोकळे करून घेतले आणि एका एका बोटावर मुद्दा मांडायला सुरुवात केली. “हे बघा. ‘आय विल गो’ म्हणाला असता, तर मी तोंड उघडलं नसतं. विल म्हणजे बोलता बोलता मनात आलं, बोलून गेला, संपलं. ‘आय ॲम गोइंग टू गो’ म्हणाला असता, तर इरादा आहे म्हणायचं. इरादा बदलतो, त्याला कोण काय करणार? पण तुम्ही सरळ ‘आय ॲम गोइंग टुमॉरो’ म्हणालात. म्हणजे ठरलंय. दिवस ठरलाय, पलीकडच्या माणसाला कळवलंय, तिकिटाचं बघितलंय. होय की नाही? तुमच्या सरांनी काय सांगितलंय, वहीत बघा.”

मी वहीत पाहिले. सरांनी शब्दशः तेच सांगितले होते, आणि मी ते लाल शाईने अधोरेखित केलेले होते. शिरस्तेदारांनी ती ओळ वाचली, मागच्या बाईंनाही दाखवली, आणि मग मुख्य मुद्द्याला हात घातला. त्यांची धाकटी बहीण हुबळीत असते. तिला बेळगावचा कुंदा फार आवडतो. उन्हाळ्यापासून पाठवायचा म्हणतात, परंतु जाणारे विश्वासू माणूस मिळत नव्हते. “उद्या रविवार. तुमच्या फाउंड्रीला सुट्टी. खानापुरातनं लोंढ्यावरून रेल्वेच आहे की वो. बसायचं आणि उतरायचं.”

मी “बघतो” म्हणालो. मराठी माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा ते काम होणार नाही, हे समोरच्याला कळते आणि दोघांचीही अब्रू शाबूत राहते. शिरस्तेदार मात्र त्या संध्याकाळी इंग्रजी व्याकरणाच्या अंमलाखाली होते. “ते बघतो-बिघतो सोडा. त्याला इंग्रजीत काळ नाही,” असे म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला आणि देसूर येण्याच्या आत बहिणीला कळवूनही टाकले. पलीकडच्या माणसाला कळवलेले असावे, ही अट त्यांनी माझ्या वतीने पूर्ण केली. शेवटचा उपाय म्हणून मी म्हणालो की, गाडीची वेळ मला ठाऊक नाही. त्यांनी पुन्हा माझीच वही पुढे केली. तिथे ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स’ असे लिहिलेले होते. वेळापत्रकासाठी भविष्यातही साधा वर्तमानकाळ वापरतात, कारण वेळापत्रक हे सूर्य पूर्वेला उगवण्याइतके अटळ मानलेले असते. हा नियम करणाऱ्या इंग्रजाला आपल्याकडच्या फलाटांवर एक पावसाळा काढायला लावावे, असे माझे जुने मत आहे. शिरस्तेदारांची हरकत वेगळीच होती: “कुठली गाडी? नंबर लिहायला नको?”

मला राग आला होता, आणि तो फक्त त्यांच्यावर नव्हता. मी घरी मराठी बोलतो, तहसीलदार कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये शेजाऱ्याकडून भरून घेतो, ट्रकच्या ड्रायव्हरशी हिंदीत भांडतो. चार पैसे मिळवण्यापुरते तिन्ही भाषांत आमचे भागत होते. आता 2024 पासून दुकानाच्या पाटीवर कन्नड किती टक्के असावे याचा कायदा झाला आहे, साठ टक्के. मुलाच्या नोकरीसाठी इंग्रजी किती टक्के असावे याचा कायदा नाही, पण तो शंभर टक्के पाळला जातो. एवढे करून, इतकी वर्षे वेळेवर माल रवाना करणाऱ्या माणसाने ‘अ’ आणि ‘ॲन’मध्ये अडखळले की, कालपरवा मिसरूड फुटलेला मुलगा वर्गात खुदकन हसतो. ‘युनिव्हर्सिटी’ला ‘अ’, कारण उच्चार ‘यु’चा, ‘एम.एल.ए.’ला मात्र ‘ॲन’, कारण उच्चार ‘ए’चा. अक्षर बघायचे नाही, कान लावायचा. कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावात 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या सुवर्ण विधान सौधाकडे ‘ॲन एम.एल.ए.’ जाऊ लागला की आमचा रस्ता बंद होतो, तेव्हा त्याला कोणते आर्टिकल लावावे हे आम्हा बेळगावकरांना व्याकरणाशिवायही सुचते.

वर्गात आम्हा सीमाभागातल्या लोकांची फक्त एकदा वाहवा झाली. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्या गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. ‘सिन्स’नंतर गोष्ट सुरू झाल्याचा क्षण येतो, ‘फॉर’नंतर ती किती काळ चालली ते येते. सरांनी फळ्यावर ‘द केस हॅज बीन पेंडिंग इन द सुप्रीम कोर्ट’ एवढे लिहिले आणि अख्खा वर्ग एका सुरात ‘सिन्स 2004’ म्हणाला, कारण सीमावादाचा महाराष्ट्राचा दावा तेव्हापासून तिथे पडून आहे. ‘वी हॅव बीन वेटिंग’ लिहिले, तर ‘सिन्स 1956’, म्हणजे राज्य पुनर्रचनेत बेळगाव कन्नड राज्यात गेले ते साल. ‘फॉर’च्या जागी मात्र सगळे चुकले, कारण तो आकडा दरवर्षी बदलतो. मी ही गंमत शिरस्तेदारांना सांगितली, त्यांचा मूड पालटेल आणि ते डबा परत घेतील, या आशेने. ते गंभीरपणे म्हणाले, “वाक्य बरोबर आहे. असली वाक्यं मी फार लिहिली. पेंडिंगच्या पुढचा काळ मला कधी लिहावा लागला नाही.” आणि खिडकीबाहेर बघू लागले. डबा माझ्या मांडीवरच होता.

खानापुरात उतरताना त्यांनी माझा नंबर आणि पूर्ण नाव वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याच हस्ताक्षरात लिहून घेतले आणि ते पान फाडून नेले.

रविवारी मी गेलो. कुंदा परत करायला त्यांचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि त्यांच्याकडे माझा सर्व तपशील होता. बहीण प्रेमळ निघाली. तिने चहा दिला, डबा उघडून कुंदा नेहमीच्या दुकानातला नाही हे वास घेऊन ओळखले, आणि त्याचा जाब मलाच विचारला. मग आतून एक दुसरा डबा आणला. धारवाडचा पेढा, दादासाठी. “दादा म्हणाला, तुम्ही आता नेहमी येत-जात राहणार,” ती म्हणाली. हा कोणता काळ, हे विचारण्याचे बळ माझ्यात नव्हते. येण्याजाण्याच्या तिकिटाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र त्या दोघा भावंडांनी अद्याप कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही काळात काढलेला नाही.