क्लोज-अप फिल्टर हा एकमेव उपाय नाही
'५०० मिमी मिरर लेन्स जवळ फोकस करायची तर क्लोज-अप फिल्टरच लावा' हा लेखातला सल्ला पटला नाही. मिरर लेन्स म्हणजे मुख्यतः आरशांनी प्रतिमा घडवणारी, दूरचं टिपणारी लेन्स; क्लोज-अप फिल्टर म्हणजे तिच्या पुढे लावायचं भिंग. एकेरी काचेच्या फिल्टरने वस्तूंच्या कडांना रंगीत किनार येते, आणि ती नसणं हाच मिरर लेन्सचा मोठा गुण! त्यापेक्षा २५ मिमीची एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा. लेन्सचा फोकस हातानेच करायचा, त्यामुळे विद्युत-संपर्क नसलेली स्वस्त ट्यूब चालते. फोकसची चार मीटरची किमान मर्यादा साधारण ३.४ मीटरवर येते. मात्र अकरा मीटरपलीकडे फोकस होत नाही, म्हणजे सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकाठचा चतुर (ड्रॅगनफ्लाय) टिपला तरी पाण्यातल्या बगळ्यासाठी ट्यूब काढावीच लागेल.

एक गोष्ट लेखात राहिलीच. या लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ वर कायम, ते लहान करता येत नाही, त्यामुळे इतक्या जवळ जेमतेम सेंटिमीटरभर खोली स्पष्ट येते. ट्रायपॉड हवाच.