खुलासा: व्हिटॅमिन डीच्या पुडीने टॉन्सिल आकसत नाहीत

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलाचे टॉन्सिल, ॲडेनॉइड वाढलेत? आठवड्याला ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी द्या, ऑपरेशन टळेल.’ कृपया असं करू नका.

यात खरं इतकंच, की काही अभ्यासांत अशा मुलांमध्ये डी कमी आढळलंय. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. वर्षावरच्या मुलाची रोजची गरज साधारण ६०० युनिट. म्हणजे ती एक पुडी १०० दिवसांची! कमतरता निघाली तर डॉक्टर ती देतातही, पण मोजून. मनाने देत राहिलात तर रक्तात कॅल्शियम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, पुढे मूत्रपिंडाला इजा.

ॲडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातली गाठ) बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत आपोआप लहान होतात आणि श्रेय पुडीला जातं.

रात्री मुलाच्या उशाशी बसून बघा. तोंड उघडं, मोठं घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकणं दिसलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा. झोपेतला व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या; डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.