गोष्ट संपेपर्यंत मशीन बंद

नाशिकच्या सिडकोत माझं शिवणकामाचं दुकान आहे. तीन शिलाई मशीन, एक पिकोचं, आणि खिडकीत रेडिओ. शटर वर केलं की आधी अगरबत्ती, मग रेडिओ. सकाळी आकाशवाणी नाशिक, 101.4, दुपारी बहुतेक विविध भारती. गाण्यांनी आमचं काम थांबत नाही, बातम्यांनीही नाही. इतक्या वर्षांत हातातलं काम बाजूला ठेवायला लावणाऱ्या दोनच गोष्टी मी पाहिल्या. कुणी कलावंत आपलं आयुष्य नेमकं कुठे वळलं ते सांगायला लागला की, आणि कुणी एखादी जुनी कथा नीट वाचून दाखवत असलं की.

गेल्या महिन्यात दुपारी अशीच एक कथा लागली होती. लेखिकेचं नाव सुरुवातीला सांगितलं असणार, पण तेव्हा तिन्ही मशीन चालू होती. सासरी नांदणाऱ्या एका मुलीला माहेरचं पत्र येतं. तिला वाचता येत नाही. शेजारचा शाळकरी पोरगा तिला पत्र वाचून दाखवतो आणि मधली एक ओळ गाळतो. त्या ओळीत काय आहे ते त्याला कळलंय, ऐकणाऱ्याला कळलंय, तिला मात्र नाही. इथे आधी कोपऱ्यातलं मशीन थांबलं. मग दुसरं. काज-बटण करणाऱ्या मावशींनी सुई ब्लाऊजच्या बाहीत तशीच टोचून ठेवली आणि हात मांडीवर घेतले. फॉल लावलेली साडी न्यायला आलेली बाई पायरीवरच उभी राहिली, आत आलीच नाही.

आणि मधेच फ्लॅटची जाहिरात लागली. जाहिरातीनंतर कथा आली नाही, गाणं आलं. स्टेशनचं नाव मी घेणार नाही, पण मला त्या दिवशी खरंच फार राग आला. संध्याकाळी शटर ओढताना मावशी म्हणाल्या, "ताई, त्या पोराने मग सांगितलं का हो तिला?" मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं.

मावशी चौथी शिकलेल्या आहेत. पुस्तक हातात घेऊन त्या कधी वाचणार नाहीत, तेवढी सवडही त्यांना नाही. पण कथा त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि ती आपण अर्ध्यात तोडली. रेडिओवाल्यांनो, पंधरा मिनिटांची कथा असेल तर पंधरा मिनिटं द्या. नाहीतर लावू नका.

त्या कथेचा शोध घ्यायला मी रविवारी सार्वजनिक वाचनालयात गेले. 1840 सालची संस्था आहे ही. मी तिथे लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचे, मधे पंचवीस वर्षं गेलेच नव्हते. जुने बांधीव अंक काढून दिले. पान उलटताना कोपरा बिस्किटासारखा तुटला, आणि तो कपटा खिशात ठेवावा की टेबलावर, हेच मला कळेना. मला हवी होती ती कथा मिळाली नाही. पण दुसऱ्या कितीतरी मिळाल्या. नावं अशी की ज्यांच्याबद्दल कुठे काही वाचल्याचं आठवत नाही. एकेक कथा चार-पाच पानांची, जाहिराती आणि पाककृतींच्या मधे छापलेली, आणि त्यातल्या दोन इतक्या चांगल्या की मी घरी यायला निघाले तेव्हा शालिमारपर्यंत चालत आले आणि मग आठवलं की गाडी तिकडेच राहिली.

मराठीत कथांचा साठा केवढा आहे याची आपल्याला कल्पना नाही. 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दरवर्षी किती अंक निघाले आणि प्रत्येकात किती कथा आल्या, ते धरा. त्यातल्या थोड्या संग्रहात गेल्या, त्याहून थोड्या पाठ्यपुस्तकात. बाकीच्या बांधणीत मिटून पडल्या आहेत. नाव झालेल्या दहा-पंधरा लेखकांच्या कथा आपण पुन्हा पुन्हा वाचतो, त्या वाचाव्यातच. पण वाईट होत्या म्हणून बाकीच्या मागे पडल्या असं नाही. पुष्कळदा अंक रद्दीत गेला म्हणून कथा गेली, एवढंच.

हक्कांचा प्रश्न निघतो. माझ्या पुतण्याने तो समजावून सांगितला म्हणून इथे लिहिते. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर 60 वर्षं हक्क राहतात. म्हणजे 1964 पर्यंत जे लेखक गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कथा आज कुणीही वाचून दाखवू शकतं. काशीबाई कानिटकर 1948 साली गेल्या. सासरचे टोमणे ऐकत, लग्नानंतर घरच्या घरी वाचायला शिकलेली ही बाई, आणि मराठीतल्या सुरुवातीच्या कथालेखिकांपैकी एक. त्यांच्या 'चांदण्यातील गप्पा' या संग्रहासाठी आज कुणाकडे परवानगी मागायला जावं लागत नाही. मावशींसारख्या बाईला ती कथा ऐकवायची तर फक्त एक माइक आणि एक चांगला आवाज लागतो. उलट आपल्या विहितगावचे बाबुराव बागूल 2008 साली गेले, त्यांच्या कथांचे हक्क 2068 अखेरपर्यंत आहेत. तिथे घरच्यांची परवानगी घ्यावी लागेल, मानधन द्यावं लागेल. ते द्यावं. नाशिकच्या रेडिओने नाशिकच्या कथाकारासाठी पैसे खर्च केले तर त्यात वावगं काय?

वाचनाबद्दल एक सांगते, कारण रोज ऐकते. कथा वाचणाऱ्याने नाटक करू नये. पात्राला रडू आलं म्हणून वाचणाऱ्याने रडायची गरज नाही. मागे बासरी तर नकोच नको. आवाज साधा ठेवला, वाक्य संपल्यावर थांबला, एवढं पुरे; बाकीचं काम ऐकणारी स्वतः करते. पत्र वाचणारा तो पोरगा आम्हा चौघींना चार वेगवेगळा दिसला असेल, आणि तो दिसावा म्हणूनच रेडिओला चित्र नाही.

आता दुसरी गोष्ट. याच महिन्यात दुकानात एक बाबा आले. गोंधळी आहेत. सप्तशृंगीच्या यात्रेला घालायला नवा झगा शिवायचा होता. माप घेताना मी हात आडवे करायला सांगितले, तर त्यांची बोटं हवेतच संबळ वाजवत होती. त्यांना ते जाणवतही नव्हतं. मी सहज विचारलं, बाबा, पहिल्यांदा कधी वाजवलं?

ते म्हणाले, तेराव्या वर्षी. एका लग्नघरचा गोंधळ होता. वडील आख्यान सांगत होते, आणि रात्री दीडच्या सुमारास वडिलांचा आवाजच बसला. गेला म्हणजे गेला, फुंकर मारलेल्या दिव्यासारखा. समोर मांडव भरलेला. वडिलांनी काही बोलता येईना म्हणून गळ्यातली कवड्यांची माळ काढली आणि पोराच्या गळ्यात घातली. "मला आख्यान अर्धंच येत होतं," बाबा म्हणाले. "पुढचं अर्धं मी सांगत गेलो आणि वडील पेटता पोत मशालीसारखा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. चुकलो की पोत थोडा खाली करायचे. बरोबर आलं की वर. उजाडेपर्यंत तेवढंच."

टेप माझ्या हातातच राहिला. छातीचं माप लिहायचं राहून गेलं, ते दुसऱ्यांदा घ्यावं लागलं.

हे कुठे लिहिलेलं नाही. कुणी रेकॉर्ड केलेलं नाही. एका शिवणवालीने माप घेताना विचारलं म्हणून ते बाहेर आलं.

ज्यांना लिहिता येतं त्यांचं आपल्याकडे राहिलं आहे. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. 1911 साली गिरगावातल्या एका थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चाललाय आणि यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. चाळिशी गाठलेला माणूस अंधारात बसून सगळं आयुष्य नव्याने मांडायला निघाला. हे आपल्याला माहीत आहे, कारण पुढे 'नवयुग' मासिकात त्यांनी ते स्वतः लिहिलं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. 1969 साली चालती प्रॅक्टिस सोडून ते पूर्णवेळ नट झाले. सुरुवात वसंत कानेटकरांच्या नाटकापासून, आणि पुढच्याच वर्षी कुसुमाग्रजांचा 'नटसम्राट'. दोन्ही लेखक नाशिकचे! डॉक्टर नट झाला तेव्हा त्याच्या तोंडी जे शब्द आले ते आपल्या गावातून गेले होते, याचा मला फार अभिमान वाटतो. लागूंनीही 'लमाण' लिहिलं, म्हणून ती उलघाल आज आपल्या हातात आहे.

पण संबळ वाजवणारे, तमाशात ढोलकी धरणारे, पंचवटीत पिढ्यान्‌पिढ्या कीर्तन करणारे, राज्य नाट्य स्पर्धेत तीस वर्षं काम करून पडद्यामागे राहिलेले, हे आत्मचरित्र लिहिणार नाहीत. त्यांच्यासाठी रेडिओच हवा. विविध भारतीचा 'उजाले उनकी यादों के' ऐकताना मला हेच वाटतं. सिनेमातली माणसं तिथे सावकाश बोलतात, एकाच माणसाचं बोलणं आठवडे चालतं, विचारणारा घाई करत नाही. हेच आपल्या जिल्ह्यातल्या माणसांसाठी का होऊ नये?

आमच्याकडे मुलाखत घेताना पहिला प्रश्न असतो, आपला आजवरचा प्रवास सांगा. मग जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार, नवोदितांना संदेश. माणूस एक पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवतो आणि वेळ संपते. बीबीसीवर 1942 पासून 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' नावाचा कार्यक्रम चालू आहे. निर्जन बेटावर एकटे अडकलात तर कोणत्या 8 ध्वनिमुद्रिका बरोबर न्याल, असं पाहुण्याला विचारतात. माणूस गाणं निवडायला जातो आणि बोलता बोलता आईवर येतो, भावावर येतो, सोडून दिलेल्या गावावर येतो. आडून विचारलेल्या प्रश्नाची ही ताकद आहे. गोंधळ्याला प्रवास विचारू नका. माळ गळ्यात पडली तेव्हा हाताला कशी लागली ते विचारा, आणि मग गप्प बसा. तो थांबला तरी गप्प बसा.

आणि केलेलं रेकॉर्डिंग जपा. पूर्वी टेप महाग म्हणून जुनं पुसून त्याच स्पूलवर नवं भरायचे. किती आवाज असे गेले असतील! आज तर एवढ्याशा कार्डावर हजार तास बसतात. आता पुसायला काही कारण उरलेलं नाही.

नाशिकमध्ये आकाशवाणी केंद्र आहे. वाचनालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे, प्रायोगिक नाटक करणारी पोरं आहेत ज्यांचे आवाज तयार आहेत. आठवड्यातून अर्धा तास. पंधरा मिनिटं कुठल्यातरी मिटलेल्या अंकातली एक कथा, पूर्ण. पंधरा मिनिटं जिल्ह्यातला एक कलावंत आणि त्याच्या आयुष्याची एकच रात्र. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी केंद्रावर असेल, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असेल, तर मनावर घ्या. अंकांमधून कथा काढायला मी रविवारी येऊन बसेन.

तोवर आम्ही दुकानात सुरू केलंय. दुपारी डबा खाऊन झाला की मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातली एक कथा मोठ्याने वाचते. मशीन बंद. पहिल्या दिवशी 17 मिनिटं लागली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याची बायको आता स्टूल घेऊन येते.

बाबांचा झगा परवा तयार होतोय. काल फोन केला होता, म्हटलं न्यायला याल तेव्हा थोडं बसा, ती मांडवातली रात्र पुन्हा सांगा, मी फोनवर रेकॉर्ड करते, कुणी घेतलं तर रेडिओला देऊ.

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "रेडिओला द्यायचं तर नुसतं बोलून कसं चालेल? संबळ घेऊन येतो."