बंड्याचे वीस कोअर

सम्याला नवीन पीसी बांधायचाय हे कळल्यापासून नळस्टॉपच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. प्रोसेसरचे उमेदवार दोनच: इंटेलचा आय-सेव्हन १४७००के आणि एएमडीचा रायझन सेव्हन ७८००एक्सथ्रीडी. दोघंही २०२३ चे, पण सम्याचं बजेट त्याहून जुनं आहे.

बंड्या स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच सुरू. "कोअर म्हणजे आतले कामगार. इंटेलचे २० विरुद्ध एएमडीचे ८. विषय संपला."

"त्या २० मधले ८ मोठे, १२ छोटे," मुग्धा म्हणाली. "छोट्यांना हायपरथ्रेडिंग नाही, म्हणजे एका कोअरने दोन कामं धरायची सोय नाही. म्हणून एका वेळची कामं, म्हणजे थ्रेड, २८ होतात, ४० नाही."

"सिनेबेंचची चाचणी बघ की! सगळे कोअर लावले की इंटेलला जवळजवळ दुप्पट स्कोअर!"

"आहेच. रेंडरिंगला, कोड कंपाइल करायला तो बाजी मारतोच. पण गेमला एक्सथ्रीडी पुढे, कारण ९६ एमबी एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच मेमरी. इंटेलकडे ३३. डेटा जवळच सापडला की रॅमपर्यंत हेलपाटा नाही. शिवाय गेम काही सगळे कोअर वापरत नाही."

नाना इतका वेळ गप्प. "आमच्या सोसायटीच्या कमिटीत २० जण आहेत. काम एकटा सेक्रेटरी करतो."

बंड्याने मोबाईल पुढे केला. रंगीत पट्ट्यांचा ग्राफ. बंड्याचं ज्ञान पट्ट्यांच्या लांबीएवढंच.

"हा ४०९० या तगड्या ग्राफिक्स कार्डावर, १०८०पी या कमी रिझोल्यूशनला काढलाय," मुग्धाने न बघितल्यासारखं बघून सांगितलं. "मुद्दाम. कार्ड आधी दमलं तर प्रोसेसरचा फरक दिसणारच नाही. सम्याच्या कार्डावर १४४०पी ला दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या येतील. आणि सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, काय बघतोस? सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा आकडा बघ, झटके तिथे कळतात. दोन्हीकडे रॅम एकाच वेगाची होती का, रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी-एक्स्पो सेटिंग चालू होतं का, ते लिहिलंय कुठे?"

लिहिलं नव्हतं.

"बंड्या, एएमडीचा तो जुना एफएक्स-८३५० आठवतो?" सम्याने जुनं गळू फोडलं. तेव्हाही बंड्याच "८ कोअर, ८ कोअर" करत नाचला होता. दोन-दोन कोअरमध्ये दशांशाची गणितं करणारं एकच फ्लोटिंग पॉइंट युनिट वाटून दिलेलं. त्या आठांवरून अमेरिकेत खटला झाला, २०१९ मध्ये एएमडीने पैसे देऊन मिटवला. बंड्याने सम्याचं काहीच मिटवलेलं नाही.

"तेव्हा मी एएमडीवाला होतो," बंड्या म्हणाला. जणू त्याने सगळं माफ होतं.

मग विजेचा मुद्दा निघाला. सगळे कोअर राबले की १४७००के २५३ वॉटपर्यंत जातो. ७८००एक्सथ्रीडीची मर्यादाच १६२, आणि तो सहसा त्याच्याही बराच खाली राहतो. मुग्धाने हिशोब मांडला: १५० वॉटचा फरक, रोज ६ तास, महिन्याला २७ युनिट.

"पण काम निम्म्या वेळात संपतं ना!" बंड्या ओरडला.

क्षणभर सगळे गप्प. मुद्दा बरोबर होता. बंड्यालाही आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"बरोबर," मुग्धा म्हणाली. "बिलात फार फरक नाही पडणार. पण एप्रिलमध्ये ती उष्णता खोलीतच सोडायचीय. बऱ्याच मदरबोर्डांवर आधी मर्यादा ४०९६ वॉट ठेवलेली असायची, म्हणजे मर्यादाच नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पीएल-१ आणि पीएल-२ या दोन्ही वॉटच्या मर्यादा १८० ला बांध, वेग थोडाच उतरतो. आणि सिनेबेंच एकदा चालवून स्कोअर मिरवू नकोस. १० मिनिटं सलग चालव, शेवटचा आकडा धर. पहिल्या फेरीत कूलर थंडच असतो."

"मग एक्सथ्रीडी घेऊ?" सम्या.

"तू काय शूट करतोस? लग्नं. व्हिडिओचा फॉरमॅट एच-२६५, १०-बिट, ४:२:२. ते डिकोड करायला, म्हणजे उलगडून दाखवायला, एनव्हिडियाचं ४० मालिकेपर्यंतचं कार्ड उपयोगाचं नाही, ५० पासून जमतं. तुझं कार्ड ३०६०. म्हणजे एडिटिंगची टाइमलाइन अडकत अडकत चालणार. इंटेलच्या प्रोसेसरमध्येच आतलं ग्राफिक्स असतं, त्यातलं क्विकसिंक ते आरामात करतं. तू १४७००के घे."

बंड्या उठून उभा राहिला. "म्हणजे मीच बरोबर!"

"उत्तर बरोबर, गणित चूक."

"पण इंटेलच्या त्या १३व्या-१४व्या पिढीचा घोळ?" नानांना नेमकं आठवलं.

"चिप जास्त व्होल्टेज मागायची आणि हळूहळू खराब व्हायची. बोर्ड आला की विंडोज टाकायच्या आधी बायोस अपडेट, त्यातला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, किमान ०एक्स१२बी. मग सेटिंगमध्ये इंटेल डिफॉल्ट प्रोफाइल लाव. वॉरंटी त्यांनी २ वर्षं वाढवलीय. रॅमच्या दोनच काड्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. चार भरल्या तर डीडीआर-५ चा वेग पडतो. आणि बायोसमध्ये आयजीपीयू, म्हणजे ते आतलं ग्राफिक्स, चालू ठेव, बाहेरचं कार्ड लावलं की काही बोर्ड ते आपोआप बंद करतात."

सम्याने खिशातून कोटेशन काढलं. तपकीर गल्लीतल्या दुकानात बंड्याच घेऊन गेला होता, टोकनही दिलेलं. मुग्धाने वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"१४७००केएफ. एफवाल्यात आतलं ग्राफिक्सच नसतं. क्विकसिंक कुठून आणणार?"

नानांचा चहा नाकातून आला. सम्या बंड्याकडे बघत होता. बंड्या स्कूटरची किल्ली शोधत होता.

"स्वस्त होता रे. आणि मला वाटलं एफ म्हणजे फास्ट."