सिबिल बिघडलेल्यांनी घर कसं घ्यावं

तुमचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा तुमच्यावरचा रिपोर्ट आणि स्कोअर, खराब आहे आणि तरीही स्वतःचं घर हवंय? वा! हौसेला मोल नसतं. अनुभव ताजा आहे, म्हणून चार सल्ले देतो. प्रोसेसिंग फी नाही.

सगळ्यात आधी, कर्ज थकवायचंच असेल तर छोटं थकवू नका. क्रेडिट कार्डाचे चाळीस हजार थकले की तुम्ही डिफॉल्टर. काही हजार कोटी थकले की बँका स्वतःच गोल टेबलाभोवती बसून किती पाणी सोडायचं ते ठरवतात आणि त्याला लाडाने हेअरकट म्हणतात. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तर जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करायची वाट बँकांना मोकळी करून दिली. तुमची-आमची तडजोड झाली की रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लिहून येतं, आणि गृहकर्जाच्या टेबलावरचा माणूस ते असं वाचतो की जणू पोलिसांत गुन्हा नोंदलाय.

बिल्डरला टोकन लगेच देऊन टाका. 'कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत' असलं काही लिहून मागू नका, त्यांना वाईट वाटतं.

एजंटवर पूर्ण विश्वास ठेवा. "सर, स्कोअर सातशेच्या खाली आहे, पण होऊन जाईल" असं म्हणत तो तुमची फाईल एकाच आठवड्यात पाच बँकांत लॉगिन करेल, म्हणजे अर्ज टाकेल. प्रत्येक बँकेच्या चौकशीची नोंद रिपोर्टवर चढते आणि स्कोअर आणखी उतरतो. मग पाचवा मॅनेजर चष्म्यावरून बघत विचारतो, "एवढ्या बँका का फिरताय?"

बायकोच्या नावावर घर घ्या. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि तिचं सिबिल चांगलं असेल तर तिला ते तुम्हाला आयुष्यभर ऐकवताही येईल.

आता रिपोर्ट दुरुस्त करण्याबद्दल. हे फार सोपं आहे. माझंच बघा. २०२० मध्ये लॉकडाऊनला पगार अर्ध्यावर आला आणि कार्ड थकलं. वसुलीवाल्याने "एवढे भरा, विषय संपवू" म्हटलं, तेवढे भरले. पुढे नोकरी रुळावर आल्यावर सोडून दिलेली बाकीची रक्कमही नेऊन भरली, कोणी मागितली नसताना. बँकेने लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, 'येणे बाकी नाही' असं पत्र दिलं. रिपोर्टमध्ये अजूनही 'सेटल्ड'च आहे.

शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, आमच्याकडे झिरो दाखवतंय."

"मग रिपोर्टमध्ये?"

"ते सिबिलवाले बघतात."

सिबिलकडे ऑनलाईन तक्रार टाकली. उत्तर आलं की बँकेने दुरुस्ती पाठवल्याशिवाय आम्ही काहीही बदलू शकत नाही, आणि बँकेने आहे तीच माहिती बरोबर असल्याचं कळवलंय. पुन्हा शाखा. त्या मॅडमची बदली झालेली. नवे साहेब मीटिंगमध्ये. साहेब आले, त्यांनी पत्र उजेडात धरलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे ओरिजिनल आहे का?" अहो, तुमच्याच शाखेचा शिक्का आहे! तो तुमच्याच टेबलावर पडलाय! "आमचं कार्ड डिपार्टमेंट वेगळं आहे, तुम्ही कस्टमर केअरला मेल टाका." मेल टाकला. तिकीट नंबर आला. दोन दिवसांनी मेसेज आला: तुमची तक्रार निवारण करून बंद करण्यात आली आहे. कोणी निवारली? काय निवारली? माझं खातं सहा वर्षांत 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फेडून बंद, होईना आणि तक्रार दोन दिवसांत क्लोज!

बरं, हे एकट्या सिबिलचं नाही. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क धरून अशा चार कंपन्या आहेत. चौघींचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. चारही काढा. चार ठिकाणी चार आकडे बघून तेवढीच करमणूक.

गृहकर्ज नाकारल्याच्या संध्याकाळी त्याच बँकेतून फोन येईल, "सर, तुम्हाला प्री-अप्रूव्ह्ड पर्सनल लोन आहे." शांत राहा.

मला ते जमलं नाही. अकरा-अकरा महिन्यांचे करार करत मी वर्षानुवर्षं भाडं भरतोय, मागितलेल्या कर्जाच्या हप्त्याएवढंच, एकदाही तारीख चुकलेली नाही. ते कुठेच धरत नाहीत. लॉकडाऊनमधले चार महिने मात्र सगळ्यांना तोंडपाठ! आणि पैसे घेताना तुमचं कार्ड डिपार्टमेंट वेगळं नव्हतं वाटतं? एक शब्द बदलायचाय. कॉम्प्युटरवर. 'सेटल्ड'च्या जागी 'क्लोज्ड'. त्यासाठी एका कुटुंबाचं घर अडवून बसलाय तुम्ही, आणि वर आमच्याच शिस्तीबद्दल आम्हाला ऐकवता? लाज वाटायला हवी.

नियम मीही वाचलाय. तक्रार आल्यापासून बँकेला २१ दिवस, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई. माझे ३० दिवस केव्हाच उलटले. आम्ही एक दिवस चुकलो तर दंड कापता ना? मग माझे रोजचे शंभर टाका खात्यात. खाते क्रमांक तुमच्याकडे आहेच, पर्सनल लोनवाल्याला विचारा.