डिझेल इंजिन आणि '२५ लिटर'ची गोष्ट

"रेल्वेचं डिझेल इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू करायला २५ लिटर डिझेल आणि अर्धा तास लागतो, म्हणून यार्डात उभं असतानाही चालू ठेवतात. त्यात बचतच आहे." हा मेसेज खूप फिरतोय. सोबत फोटो बहुतेक वेळा जुन्या डब्ल्यूडीएम-२ चा असतो. या इंजिनावर माझा जीव आहे, म्हणून उत्तर देतोय.

आधी डिझेल. डब्ल्यूडीएम-२ हे अमेरिकन अल्को कंपनीचं डिझाइन. १९६२ मध्ये भारतात आलं, १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. आठव्या नॉचवर, म्हणजे ताकदीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, पूर्ण जोराने ओढतानाही ते तासाला ५०० लिटरच्या आसपास डिझेल पितं, म्हणजे मिनिटाला आठ-नऊ लिटर. मग सुरू होण्याच्या काही सेकंदांत २५ लिटर जातील कुठे? शिवाय सुरुवातीला इंजिन फिरवतात त्या बॅटऱ्या. एरवी इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा मुख्य जनरेटरच त्यांच्या करंटवर मोटरसारखा फिरतो आणि क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, फिरवतो. २५ लिटर लागतात ते तासभर जागच्या जागी घुरघुरत उभं राहायला!

अर्ध्या तासात थोडं तथ्य आहे, पण तो वेळ इंजिनाचा नाही, ब्रेकचा. गाडीचे ब्रेक हवेच्या दाबाने सुटे राहतात, दाब उतरला की लागतात. ही हवा भरणारा कॉम्प्रेसर मुख्य इंजिनाच्याच शाफ्टवर चालतो. इंजिन थांबलं की हवा भरणं थांबतं, सांध्यासांध्यांतून ती गळत जाते आणि ब्रेक आवळले जातात. पुन्हा निघायचं तर गाडीभर जाणाऱ्या ब्रेक पाइपात ५ किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) दाब भरावा लागतो. लांब मालगाडीत गार्डच्या डब्यातला दाबाचा काटा फार सावकाश चढतो.

आणि बॅटरी उतरलेली निघाली तर? इंजिन शंटिंगच्या, म्हणजे यार्डात डबे हलवण्या-जोडण्याच्या, मधेच मेलं, यार्डाची लाइन अडली. जुना ड्रायव्हर इंजिन बंद करायला कचरायचा तो या भीतीने.

राहिली बचत. ती कधीच नव्हती, नाइलाज होता. उलट रिकाम्या चालण्याने टर्बो आणि एक्झॉस्टमध्ये तेल-काजळी साचते. पुढे रेल्वेने काही डिझेल इंजिनांत एपीयू (ऑक्झिलरी पॉवर युनिट) बसवलं: २५ अश्वशक्तीचं छोटं इंजिन. मोठं इंजिन काही मिनिटं रिकामं राहिलं की बंद होतं आणि हे धाकटं बॅटरी चार्ज करतं, हवेचा दाब टिकवतं. तासाला डिझेल लागतं ३ लिटर.