नकार तरी द्या!

सांगलीच्या मार्केट यार्डात दुपारी दीड ते तीन या वेळात कुणी कुणाकडे काही मागत नाही. सौदे आटोपलेले असतात, डबे संपलेले असतात, बेदाण्याच्या बॉक्सांना टेकून दोन-चार घोरणी चालू असतात. मी ज्या अडत पेढीचे कॉम्प्युटर बघतो, तिथलं बिलिंग नेमकं या वेळेनंतर गार पडायचं. सकाळभर सुसाट. तीनला दिवाणजी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, काढायला बसले, की पडद्यावर नुसती चकती फिरत राहायची.

"सायेब, सर्व्हर जेवून झोपला की वो," हे दिवाणजींचं निदान. पुढं कळलं, की माणूस फारसा चुकला नव्हता.

प्रोग्राम पेढीतल्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर, सगळी माहिती साठवणारा पोस्टग्रेस डेटाबेस पुण्याला आणि मधे एका कंपनीच्या ताब्यातली फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी. कंपनीला फोन लावला. "सर, आमच्याकडून सगळं ओके आहे." हे वाक्य या लोकांना नेमणूकपत्रासोबतच देत असावेत. बरं, ते खोटंही ठरेना. पिंग जातंय, म्हणजे हाकेला ओ येतेय. टेलनेटनं दार वाजवलं तर पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट उघडतोय. नवीन खिडकी उघडली तर पट्टी झटक्यात निघतेय. अडकते ती फक्त सकाळी उघडलेली. पुण्याच्या सर्व्हरवर पाहिलं, तर आमचं कनेक्शन तिथं 'आयडल', म्हणजे रिकामं, म्हणून निवांत बसलेलं. दोन्ही टोकांना वाटतंय समोरचा आहे; मधला मात्र दोघांनाही विसरलाय.

फायरवॉल चालू कनेक्शनांची एक वही ठेवते. आमच्याकडच्या फायरवॉलला हुकूम होता, की तासभर ज्याची हालचाल नाही त्याचं नाव खोडा. खोडा बापडे, वहीला पानं किती असणार! पण खोडल्याचं ती कुणालाच सांगत नाही. तीनला पट्टीची मागणी निघते, फायरवॉल वही बघते, नाव नाही, मागणी गिळून टाकते. ही मुलगी बघून गेलेल्या मंडळींची तऱ्हा. "पत्रिका जुळत नाही" म्हणाले, तर माणूस दुसरं स्थळ बघतो. त्याला फायरवॉलच्या भाषेत रिजेक्ट म्हणतात. पण "कळवतो" म्हणून जे गाडीत बसतात, ते ड्रॉप. मुलीचा बाप फोनजवळ बसून.

आमचा लिनक्स तसा चिकाटीचा बाप. उत्तर आलं नाही की मागणीचं तेच पाकीट पुन्हा पाठवतो, दर वेळी जरा जास्त थांबून. मूळ सेटिंगप्रमाणे साधारण १५ मिनिटांनी आशा सोडतो आणि एरर दाखवतो. तोवर जतहून आलेला शेतकरी दिवाणजींकडे असा बघत असतो, की त्याचे पैसे दिवाणजींनीच दाबून ठेवलेत.

मी नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क लावून पाकिटं मोजत होतो, तेवढ्यात दिवाणजींनी परस्पर उपाय काढला. हमालाच्या पोराला जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरपुढं बसवलं. काम एकच, दर थोड्या वेळानं 'शिल्लक' बटण दाबायचं. मजुरी भडंगाचा पुडा. आणि तीनला पट्टी निघाली! मी इंजिनिअर असल्याचं त्या दिवशी यार्डात कुणी काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तसं बटण दाबणारं पोरगं लिनक्समध्ये आधीपासून असतं. त्याला कीपअलाइव्ह म्हणतात. पण मूळ सेटिंगला ते ७२०० सेकंद, म्हणजे चक्क दोन तास गप्प बसतं आणि मग विचारतं, "आहात का?" फायरवॉल तासातच विसरलेली. मी पोस्टग्रेसमध्ये ते ३०० सेकंदांवर आणलं. आता दर पाच मिनिटांनी रिकामी का होईना, विचारपूस जाते आणि वहीतलं नाव शाबूत राहतं. पोराची नोकरी गेली. भडंग मात्र त्यानं चालू ठेवायला लावलं.

वेळमर्यादा वाढवा, निदान गिळण्याऐवजी नकार तरी द्या, असा अर्ज मी त्या कंपनीकडे केला होता. त्यावर बरेच दिवस चकार शब्द नाही. परवा मेल आला: "आपल्या तक्रारीवर बराच काळ कोणतीही हालचाल न झाल्याने ती बंद करण्यात येत आहे."

निदान कळवलं तरी.